तळ्याच्या बांधावरची वाट

चेन्नईत मी साडेचार वर्षं काढली आणि त्यातली निम्मी तरी लोकांना प्रश्न विचारण्यात गेली. ते माझं कामच होतं. पेरुंगुडीतल्या एका काचेच्या इमारतीत आमचं सल्लागारांचं ऑफिस होतं. दोन हजार सालानंतरचे ते दिवस. श्रीपेरुंबुदूरकडे कारखाने वाढत चालले होते आणि आसपासच्या गावांचे पुढच्या वीस वर्षांचे आराखडे करायचे, तेही गावकऱ्यांना सोबत घेऊन, असं काम आम्हाला मिळालं होतं. अहवालात 'लोकसहभाग' नावाचा एक चौकोनच होता. तो भरायचा होता मी, म्हणजे साताऱ्याकडून आलेल्या आणि तमिळ धड न येणाऱ्या बाईनं. आता हसू येतं, तेव्हा मात्र मी ते भलतंच मनावर घेतलं होतं.

भाषेसाठी माझ्याबरोबर एक काका असायचे. तंजावरकडच्या मराठी घरातले, निवृत्त कारकून. त्यांचं मराठी जुन्या वळणाचं, हेल तमिळ, आणि अडलं की सरळ तमिळच सुरू. ते मला 'बाई' म्हणत. माझ्या उत्साहाला त्यांनी कधी हो म्हटलं नाही आणि नाहीही म्हटलं नाही. जीपमध्ये बसले की डबा मांडीवर घेऊन डोळे मिटायचे.

एका गावात आम्ही देवळापुढच्या अंगणात बैठक ठेवली. नकाशा गावानंच काढायचा, अशी आमची पद्धत होती. बायकांनी सडा घातला आणि कोलम, म्हणजे तिकडची रांगोळी, काढतात त्याच पांढऱ्या पिठीनं जमिनीवर सबंध गाव काढलं. देऊळ, शाळा, तळं, भाताची खाचरं. पुरुष बाजूला उभे राहून चुका काढत होते, विहीर अलीकडे घे, तो रस्ता इतका सरळ कुठे आहे. काय सुरेख झाला होता तो नकाशा! मी फोटो काढले, कागदावर उतरवून घेतला, सगळ्यांच्या सह्या आणि अंगठे घेतले. परतताना मी जीपमध्ये नुसती बडबडत होते.

काकांनी डोळे न उघडताच सांगितलं, "बाई, कॉलनीतलं कोणी आलं नाही."

कॉलनी म्हणजे रस्त्यापलीकडची दलित वस्ती. मी म्हटलं, दवंडी तर तिकडेही दिली होती.

"दिली. पण बोलावलं देवळापुढे. तिथं ते कसे येतील?"

आमच्या गावाकडे काय वेगळं आहे? वेशीबाहेर कोण राहतं, कोण कुठल्या पारावर बसत नाही, हे मला कोणी शिकवायची गरज नव्हती. पण परमुलखात गेलं की आपल्याला काही माहीत नसणं चालतं, असा एक समज होतो. सोयीचा असतो तो. मला स्वतःची लाज वाटली आणि काकांचा रागही आला, हे त्यांनी आधी का नाही सांगितलं म्हणून. विचारलं असतं तर म्हणाले असते, तुम्ही कुठे विचारलं. म्हणून विचारलं नाही.

ऑफिसातल्या आमच्या साहेबांनी नाक मुरडलं, पण कॉलनीसाठी अर्धा दिवस दिला. तिथल्या बैठकीत लोक फार बोलले नाहीत. नळ हवा, दिवे हवेत, आधीच्या लोकांनीही लिहून नेलंय, असं म्हणाले. मग एक म्हातारा पुढे आला. अंगात धुवट सदरा, आवाज अगदी खालचा. त्यानं काठीनं मातीत एकच रेघ ओढली.

ती त्यांच्या स्मशानाची वाट होती. त्यांचं मढं गावातल्या रस्त्यावरून नेऊ देत नाहीत, म्हणून ते तळ्याच्या बांधावरून, मग शेतांच्या कडेनं जातात. पावसाळ्यात बांधाखाली कमरेइतकं पाणी असतं. त्याच्या बायकोला त्यानं त्याच पाण्यातून नेलं होतं, तिरडी डोक्यावर धरून. एकदा पाय घसरला. काका हे सांगताना मध्येच थांबले आणि चष्मा पुसायला लागले.

"बाकीचं देतील तेव्हा देतील," म्हातारा म्हणाला. "ही वाट तेवढी सरकारच्या कागदावर वाट म्हणून घाला. कागदावर आली की कोणाला अडवता येणार नाही."

घालते, म्हणाले मी. त्याच्यासमोर कागदावर काढली, तुटक रेघ, आणि तमिळमध्ये लिहून घेतलं. तो वाकून बघत होता.

ऑफिसात साहेबांनी ती रेघ पाहिली आणि महसुलाचा नकाशा मागवला. त्यात वाट नव्हती. कशी असेल? जी वाट लोकांनी नाइलाजानं पाडली, ती मोजायला कोण गेलं होतं? साहेब वाईट माणूस नव्हता, थकलेला होता. म्हणाला, रेकॉर्डला नाही ते आपल्याला दाखवता येत नाही, शेवटी सूचनांमध्ये एक ओळ टाक. त्यातून नेमक्या त्याच पट्ट्यात कारखान्यातल्या कामगारांसाठी घरांचे प्लॉट यायचे होते. मी भांडले. आठवडाभर भांडले, पत्रं लिहिली, वरच्या ऑफिसात दोनदा जाऊन बाकावर बसले. तिथे कोणी नाही म्हणालं नाही. उद्या या म्हणाले. तोवर दुसऱ्या तीन गावांची कामं छातीवर येऊन बसली. एका दुपारी मी संगणकावर ती रेघ निवडली आणि पुसली. दुसऱ्या कोणाला सांगता आलं असतं, पण मीच पुसली. मग कँटीनमध्ये जाऊन दहीभात खाल्ला. भूक लागली होती, खोटं कशाला सांगू.

दोनेक महिन्यांनी खालून फोन आला, कोणी भेटायला आलंय. म्हातारा होता. तीन बस बदलून आला होता. आराखडा तयार झाल्याचं त्याला कळलं होतं आणि पंचायतीत त्याला कोणी तो दाखवला नव्हता. काका त्या दिवशी रजेवर होते. गार हवेच्या त्या खोलीत तो सोफ्याच्या अगदी कडेला बसला होता आणि चपला त्यानं दाराबाहेर काढल्या होत्या.

मी नकाशा आणून टेबलावर पसरला. त्याला वाचता येत नव्हतं, पण निळं तळं त्यानं लगेच ओळखलं. बोट तळ्यावरून बांधावर आणलं, बांधावरून हळूहळू पुढे सरकवलं आणि एका ठळक काळ्या रेघेवर थांबवलं. रेघ बरोबर तिथूनच जात होती. ती प्लॉटांभोवतीची भिंत होती.

"हीच ना अम्मा, आमची वाट?"

माझं तमिळ मोडकं होतं, पण भिंतीला काय म्हणतात ते मला येत होतं. त्याला समोर बसवून सगळं सांगायला हवं होतं. कोणाकडे जायचं, अर्ज कुठे करायचा, अजून हरकत घेता येते, मुदत किती उरली आहे. हे सगळं मला माहीत होतं. पण मला इतका कंटाळा आला होता, त्या वाटेचा, त्या गावाचा, माझाच. मी म्हणाले, "आमा." हो.

त्याचा चेहरा एकदम मोकळा झाला. हसून तो हळूहळू, मला समजेल अशा बेतानं बोलला. आता मी मेलो तरी काळजी नाही, पोरं मला कोरड्या वाटेनं नेतील. मग त्यानं नकाशाची एक प्रत मागितली, कॉलनीत सगळ्यांना दाखवायला. मी त्याला ती नीट गुंडाळून दिली.