वरचे हुकूम आणि आमची पिवळी बस

सरकारी ऑफिसात दोन गोष्टी साठत जातात, कागद आणि किस्से. कागद ठरावीक वर्षांनी मशीनमध्ये घालून फाडायचे असतात. किश्श्यांसाठी अजून तसं मशीन आलेलं नाही, त्यामुळे ते माझ्याकडेच पडून आहेत.

मी काही अधिकारी नाही हं! शिक्षण बारावीपर्यंत. जपानात आल्यावर आम्ही बरीच वर्षं निशी-कसाईला भाड्याने राहिलो. मग यांनी नदीपलीकडे एका लहान गावात घर बांधलं. त्याच गावच्या नगरपालिकेच्या शाखा ऑफिसात मी आठवड्यातून तीन दिवस पार्ट-टाइम जाते. नव्याने आलेल्या भारतीय कुटुंबांना फॉर्म भरायला मदत करायची, आणि कुणी आलं नाही तर पाकिटं चिकटवायची. ऑफिसात आम्ही तिघंच. साहेब म्हणजे मोरी-सान, निवृत्तीला आलेले, मोजकं बोलणारे. काउंटरवर ओकुबो-सान. ही बाई स्वतःच्या स्टेपलरवरसुद्धा विश्वास ठेवत नाही. आणि मी, देसाई-सान.

*

पहिल्या आठवड्यातली गोष्ट. मोरी-साननी मला त्यांच्या टेबलावरचे दोन ट्रे दाखवले. एक ओसंडून वाहत होता, दुसऱ्यात एकच पातळशी फाइल.

"हा भरलेला ट्रे म्हणजे कायद्याने करायलाच हवीत अशी कामं. केंद्र सरकार सांगतं, आपण करतो."

"आणि पैसे?"

"पैसे गावाचे. म्हणजे तुमची घरपट्टी."

"आणि हा दुसरा?"

"यातलं काही कायद्यात नाही. पहिल्या ट्रेला पैसे कमी पडले की यातलं एक काम बंद करायचं. वाचनालयाची संध्याकाळ गेली. पोहण्याचा तलाव गेला. आता एवढंच उरलंय."

ती फाइल पिवळ्या बसची होती. टेकडीवरच्या घरांपासून आमच्या ऑफिसावरून स्टेशनपर्यंत जाणारी छोटी बस. टेकडीवर राहणाऱ्या तानाबे आजी रोज त्या बसने स्टेशनजवळच्या वृद्धाश्रमात जातात, नवऱ्याला दुपारचं जेवण भरवायला. आजींचे गुडघे गेलेत आणि रोज टॅक्सी परवडत नाही. बस गेली तर आजोबांचं ते जेवण दुसऱ्या कुणाच्या हातचं! आणि नियम असा, की मार्चअखेरपर्यंतचे रोजचे सरासरी प्रवासी ठरलेल्या आकड्यापेक्षा कमी भरले तर बस बंद.

"तो आकडा कुणी ठरवला?" मी विचारलं.

मोरी-साननी चष्मा काढून माझ्याकडे पाहिलं. "देसाई-सान, तुम्ही ओकुबो-सानच्या शेजारी फार बसू नका."

*

एकदा वरून हुकूम आला, प्रत्येक ऑफिसात एकाकी लोकांसाठी सल्ला खिडकी हवी. मग आला, रिकाम्या पडलेल्या घरांसाठी हवी. मग फोनवरून फसवणूक झालेल्यांसाठी. खिडक्यांच्या पाट्यांचा नमुनासुद्धा वरून आला, अक्षराच्या उंचीसकट! माणूस मात्र एकही आला नाही.

मोरी-साननी काउंटरवर तिन्ही पाट्या ओळीने लावल्या आणि मागे ओकुबो-सानची चाकांची खुर्ची ठेवली.

एक आजोबा आले. ते पहिल्या पाटीसमोर बसले आणि बराच वेळ बोलले. सगळं ऐकून घेऊन ओकुबो-सान नम्रपणे म्हणाल्या, "हे रिकाम्या घराचं काम आहे. कृपया शेजारच्या खिडकीत जा."

आजोबा उठले, शेजारी गेले. ओकुबो-साननी पायाने जमीन ढकलली आणि त्याही शेजारी गेल्या. "या, बसा. काय काम होतं?"

आजोबा त्यांच्याकडे बघतच राहिले. मग आधीच्या खिडकीकडे मान वळवून पाहिलं. "आत्ता तिथं होत्या त्या तुमच्या बहीण का?"

"नाही."

"बरं झालं," आजोबा पुढे वाकून हळूच म्हणाले, "त्यांना काही माहिती नव्हती!"

*

आमचं घर बांधून झालं तेव्हा घरपट्टी ठरवायला नगरपालिकेचा माणूस आला. बूट काढून, पायमोजे सारखे करून, फूटपट्टी घेऊन प्रत्येक खोलीत शिरला. भिंतीवर टकटक केलं, कपाटं उघडली, बेसिनं बघितली. घराला कायमचं जोडलेलं जे काही असेल ते हिशेबात धरतात, असं यांना कुणीतरी सांगितलं होतं. तेव्हापासून यांची झोप उडालेली.

आमचं संगमरवरी देवघर कोपऱ्यात आहे. माणूस त्याच्यासमोर थांबला आणि वहीत काहीतरी लिहायला लागला.

हे माझ्या कानात म्हणाले, "अगं, तो देवघर धरतोय! हलवून दाखव!"

"अहो, देव आहेत आत!"

"क्षमा माग आणि हलव!"

मी हात जोडले. मग आम्ही दोघांनी मिळून गणपती, बाळकृष्ण, अन्नपूर्णा सगळ्यांसकट देवघर उचललं आणि चार बोटं सरकवून खाली ठेवलं. समई पडली. घंटा आपोआप वाजली.

तो माणूस घाबरून दोन पावलं मागे सरला. मग काय समजला कोण जाणे, इथल्या देवळात करतात तसा त्याने देवघरापुढे दोनदा वाकून नमस्कार केला, दोन टाळ्या वाजवल्या आणि पुन्हा वाकला.

"यावर पट्टी नाही ना?" यांनी विचारलं.

"देवांवर नाही," तो म्हणाला. "मी फक्त खिडकीची रुंदी लिहीत होतो."

*

एका हिवाळ्यात ऑफिसातला हीटर दुपारी बंद व्हायला लागला. कारण असं, की वरच्या हुकुमाने नवी कॉम्प्युटर सिस्टीम बसवली होती. बसवायचे पैसे सरकारने दिले, पण पुढची देखभाल दरवर्षी गावाच्या माथ्यावर. मी कोट घालून पाकिटं चिकटवायचे.

आमचे हे सॉफ्टवेअरमध्ये. घरी येऊन मी त्यांना म्हटलं, "खरं सांगा, हे काम तुमच्या कंपनीचं नाही ना?"

"छे छे!"

"बघा हं, माझे हात गारठलेत."

"अगं, खरंच नाही. आम्ही टेंडर भरलं होतं, पण मिळालं नाही."

मला जरा बरं वाटलं. "का नाही मिळालं?"

हे वरणभात कालवत राहिले. "आम्ही देखभालीचे जरा जास्त मागितले होते."

त्या दिवसापासून ऑफिसात कुणी नवऱ्याची नोकरी विचारली की मी म्हणते, "ट्रेनने जातात."

*

एकदा वरून आठ पानी फॉर्म आला. विषय: 'वरून येणाऱ्या फॉर्ममुळे तुमच्यावर किती भार पडतो?' शुक्रवारपर्यंत उत्तर द्या.

ओकुबो-सानला संशय आला. "हे आपल्याला आजमावतायत. कोण कुरकुर करतंय ते बघणार."

तरी त्यांनी खरं लिहायचं ठरवलं. शेवटचा प्रश्न होता, 'हा फॉर्म भरण्यासाठी जादा वेळ थांबावं लागलं का?' ओकुबो-साननी ठसठशीत 'हो' केलं. खाली बारीक अक्षरात ओळ होती, 'हो असल्यास सोबतचे पुरवणी पत्रक भरा, पाने सहा.'

मोरी-साननी खोडरबर पुढे सरकवला.

सरकारकडे आमचं उत्तर गेलं, भार काहीच नाही!

*

यंदा जानेवारीपासून मोरी-सान रोज दुपारी दोन ते तीन रजा घ्यायला लागले. रजेच्या अर्जावर कारण एकच, 'खासगी.' कोट-स्टँडवरची तपकिरी पिशवी घ्यायची, टोपी घालायची आणि निघायचं.

"दुसरी नोकरी शोधतायत," ओकुबो-सान म्हणाल्या.

"या वयात?"

"मग पचिंको खेळतात. जुगारी माणसं गप्पच असतात!"

मला निराळीच भीती. त्यांची वही एकदा टेबलावर उघडी दिसली. आत पिवळ्या बसचे सगळे थांबे आणि पुढे खुणा. मी घरी येऊन यांना म्हटलं, "बस बंद करायची तयारी चाललीय. तोंडाने सांगत नाहीत एवढंच." तानाबे आजी दिसल्या की मला त्यांच्याकडे बघवेना.

फेब्रुवारीत एका सकाळी आजी स्वतःच काठी टेकत काउंटरवर आल्या. "तक्रार नोंदवायचीय. बसमध्ये एक संशयास्पद माणूस आहे."

ओकुबो-सानचा चेहरा उजळला. असल्या कामात त्यांना रस. त्यांनी फॉर्म काढला. "वर्णन सांगा."

"मी परत येते त्या वेळी असतो. टोपी डोळ्यांपर्यंत, तोंडावर मास्क. तपकिरी पिशवी. शेवटी उतरतो इथल्याच थांब्यावर. पण आधी स्टेशनला उतरतो, खांबाला एक फेरी मारतो आणि पुन्हा पैसे टाकून त्याच बसमध्ये चढतो. रोज! कुठेच जात नाही हो तो!"

ओकुबो-सानचं पेन थांबलं. त्यांनी कोट-स्टँडकडे पाहिलं. मीही पाहिलं. मागच्या टेबलावर मोरी-सान मान खाली घालून कागदांवर शिक्के मारत होते, जरा जास्तच जोरात.

"आजी," ओकुबो-सान हळूच म्हणाल्या, "जाऊ दे ना, नको नोंदवायला."

"का म्हणून? मी एकटी बाई. बसमध्ये दुसरं कुणी असतंच कुठे?"

तक्रार नोंदवली गेली. आलेल्या प्रत्येक तक्रारीला शाखाप्रमुखाने लेखी उत्तर देऊन ते फलकावर लावायचं, असा वरचाच हुकूम आहे. तिसऱ्या दिवशी मोरी-सानच्या सुबक अक्षरातला कागद फलकावर लागला.

'चौकशी केली. सदर व्यक्ती निरुपद्रवी आहे. ३१ मार्चनंतर दिसणार नाही. झालेल्या त्रासाबद्दल क्षमस्व.'

ओकुबो-साननी तो दोनदा वाचला. मग ड्रॉवरमधून रजेचा कोरा अर्ज काढला, भरला आणि मोरी-सानच्या पुढ्यात ठेवला.

"दोन ते तीन. उद्यापासून रोज."

"कारण?"

"खासगी."

मोरी-साननी शिक्क्यावर फुंकर घातली, जपून तो कागदावर उमटवला आणि वर न बघता म्हणाले, "टोपी मात्र वेगळ्या रंगाची घाला."