गाडीतला फ्रीज आणि तेजूचे डोहाळे

परभणीच्या मे महिन्यात आइस्क्रीम एका गावाहून दुसऱ्या गावी न्यायचं असेल, तर ते पोटात घालून न्यावं, असं माझं अनुभवाअंती ठाम मत झालं आहे.

निवृत्त झाल्यावर माणसं देवदर्शनाला लागतात, मी मोबाइलवर व्हिडिओ बघायला लागलो. त्यात परदेशी जोडपी गाडीतच संसार थाटून हिंडायची. गाडीत पलंग, गाडीत शेगडी, गाडीत फ्रीज! झालं, मी एक जुनी व्हॅन घेतली, मागच्या सीटा काढून फळ्यांचा पलंग ठोकला आणि घरातला जुना एकदारी फ्रीज इन्व्हर्टर लावून थेट गाडीच्या बॅटरीला जोडला. (कॅम्पर व्हॅन म्हणतात याला. आमच्या सौभाग्यवती सुमनबाई 'भंगाराचा टेम्पो' म्हणायच्या.)

"गाडी चालली की बॅटरी भरते, आणि बॅटरीवर फ्रीज चालतो," मी तिला समजावून सांगितलं.

"आन् गाडी थांबली की?"

"थांबायचंच कशाला?" मी म्हणालो. माझ्या आयुष्यातलं हे सर्वांत शास्त्रशुद्ध वाक्य होतं, हे मला तेव्हा कळलं नाही.

लवकरच संधी चालून आली. सोनपेठला दिलेल्या आमच्या तेजूचं डोहाळजेवण ठरलं. पोरीला काही पचत नव्हतं, खाल्लेलं सगळं उलटून पडायचं. फोनवर रडवेल्या आवाजात म्हणाली, "आई, तुझ्या हातचं आंब्याचं आइस्क्रीम तेवढं खावं वाटायलंय."

"तिथं जाऊन करते," सुमन म्हणाली. "त्यांच्याकडं फ्रीज हाय की."

"आपला फ्रीज असताना व्याह्यांच्या फ्रीजपुढं हात पसरायचा?" मी कडाडलो. मग काय, बिचारीनं घरीच आटवलं, घोटलं, घट्ट गोठवलं, आणि मोठा डबा माझ्या फिरत्या फ्रीजरमध्ये विराजमान झाला. पुढे मी आणि सुमन, मागे पलंगावर फ्रीजला टेकून माझी थोरली बहीण अक्का, अशी आमची स्वारी निघाली.

दैठण्यापर्यंत सगळं झकास होतं. तिथे अक्कानं माझ्या पाठीत बोट खुपसलं. "बाळ्या, गाडी थांबीव. इथं माजी नणंद ऱ्हाती. दारावरून तसंच गेलाव तर जल्मभर बोलून दाखवील."

"अक्का, फ्रीज..."

"फ्रीज काय रुसून बसतोय का? घोटभर चहा घेऊ न् निघू."

गावात लाइट गेलेली होती. चहा आला, आणि त्याच्यासोबत आम्ही कुठं निघालोय ही बातमी चुलीपर्यंत गेली. अक्काच्या नणंदबाई कंबर कसून उठल्या. "पोटुशा लेकीकडं चाललाव, आन् रिकाम्या हातानं जाऊ दिऊ का तुमाला? तिचं कशावर मन जाईल, सांगता येतंय का?"

आता साडी नको म्हणता येते, टोपी-टॉवेल नको म्हणता येतो. पण गरोदर पोरीसाठी दिलेलं खाणं नको म्हणायची आमच्याकडे कुणाची छाती नाही! पुरण शिजलं. पोळ्या झाल्या. कटाच्या आमटीचं उकळतं पातेलं उचलून बाई थेट गाडीकडे. "फ्रीज हाय म्हणं तुमच्या गाडीत? मंग त्यातच ठिवा की, नासायची न्हाई." मी 'अहो अहो' करेपर्यंत वाफाळती आमटी आत, दार बंद! फ्रीज आतून कण्हला.

तेवढ्यात शेजारीपाजारी धावले. कुणाचे धपाटे, कुणाचं दही, कुणाचं तव्यावरून उतरवलेलं गरमागरम थालीपीठ, सगळं तेजूसाठी. प्रत्येकजण स्वतःच्या हातानं ठेवणार, आणि ठेवताना आत हात घालून 'खरंच गार हाय का' ते बघणार. एका आजोबांनी तर उघड्या दारातून मुंडकंच आत घातलं. "लय बरं वाटायलंय," ते म्हणाले आणि तसेच उभे राहिले. वडीलधाऱ्या माणसाला फ्रीजमधून बाहेर या असं कोणत्या तोंडानं सांगायचं?

गंगाखेडच्या वाटेवर इन्व्हर्टर टीं टीं करायला लागला.

"काय बोंबलायलंय रे ते?" अक्का म्हणाली.

"इन्व्हर्टर आहे. दमलाय."

"मंग त्याला बी जरा सावलीत थांबू दे."

ती सोय गंगाखेडात झाली, कारण तिथे सुमनची मावशी राहते! मावशींनी उन्हाचं हलूच दिलं नाही. भरपेट जेवण झालं, तेजूसाठी गरम शिऱ्याचा डबा फ्रीजमध्ये गेला आणि मी किल्ली फिरवली. गाडी फक्त 'टक्' म्हणाली.

गल्ली गोळा झाली. नव्या पैठणीत सुमन, नऊवारीचा काष्टा खोचून अक्का, पानाची पिचकारी आवरत मावशी, सगळ्यांनी मागून खांदे लावले. गाडी ढिम्म.

"अवं, आदी तो फ्रीज बंद करा!" सुमन ओरडली.

"बंद केला तर आइस्क्रीम वितळेल!"

"आन् गाडी बंद ऱ्हायली तर ते चालत जाणार हाय का सोनपेठला?"

मी स्वतःच्या हातानं पिन उपसली. आणखी दोन धक्क्यांत गाडी सुरू झाली. बॅटरीच्या धाकानं पुन्हा फ्रीज लावायची माझी हिंमत झाली नाही. थोड्या वेळानं मागून अक्काचा आवाज आला, "बाळ्या, डब्यातून डुबुक डुबुक यायलंय रे."

फुलांचे दागिने घातलेली तेजू दारातच उभी होती. गालफडं बसलेली. "पप्पा, आणलं?" सुमननं डबा उघडला. आत पिवळंधमक पाणी हिंदकळत होतं. पोरीनं एवढी एकच गोष्ट मागितली होती, आणि माझ्या हौसेपायी त्या गोष्टीची ही गत झाली होती. मला फार वाईट वाटलं. व्याही डब्यात डोकावून अदबीनं म्हणाले, "आमचा फ्रीज रिकामाच व्हता की हो."

तेजूनं पेला बुडवला आणि तोंडाला लावला. आम्ही सगळे श्वास रोखून तिच्या तोंडाकडे बघत राहिलो. दुसरा पेला गेला. पोटात ठरला! "आई, लय भारी लागायलंय गं!" सुमननं पदर डोळ्यांना लावला. मीही उपरण्यानं घाम पुसल्याचं सोंग केलं. मग हळूच ताठ उभा राहिलो, कारण शेवटी फ्रीज कुणाचा होता?

उरलेलं व्याही आपल्या फ्रीजमध्ये ठेवायला निघाले, तसा तेजूनं डबा छातीशी धरला.

"नगं, मामंजी! तिथं ते गोठंल. पप्पा, पुढल्या आयतवारी परत आना, पन याच गाडीतून आना हं. असं पातळ दुसऱ्या कुन्या फ्रीजला जमायचं न्हाई!"