जीपचा कमरपट्टा

आमचे दत्तूमामा जीपमध्ये कुणाला "बसा" म्हणत नसत, "धरा" म्हणत. मुरुडच्या त्यांच्या घरासमोर ती हिरवी जीप उभी असायची. टायर ट्रॅक्टरला शोभतील असे, आणि स्प्रिंगा बदलून एवढी उंच केलेली, की मामींना चढायला घरातला पाट आणावा लागे. वळण आलं की मामा ओरडत, "धरा!" आणि डावीकडची माणसं उजवीकडच्यांच्या मांडीवर जाऊन पडत. भावकीतली जुनी भांडणं आपल्या गाडीनं मिटवली, असा मामांचा दावा होता. "मांडीवर जाऊन पडल्यावर माणूस किती येळ रुसतंय?"

ही गाडी मामांनी चिखल तुडवायला आणि दगडधोंडे पार करायला घेतली होती. निदान तसं ते सांगत. प्रत्यक्षात ती मुरुड ते लातूर डांबरी रस्त्यानं बाजाराला, दवाखान्याला आणि लग्नांना जाई. रानात जाई ती फक्त येळवशीला. त्या अमावस्येला आमच्याकडची झाडून सगळी माणसं शेतात जातात. कडब्याच्या छोट्याशा कोपीत रानातल्या लक्ष्मीची पूजा होते आणि घरून नेलेली आंबील आधी रानात शिंपडून मग सगळे पितात. ती आंबील मातीच्या बिंदग्यात काठोकाठ भरलेली असते, आणि ते बिंदगं मामींच्या मांडीवर असे.

एका येळवशीला ओढ्याजवळच्या वळणावर मामा "धरा!" म्हणाले. मामींनी बिंदगं धरलं, पण आतली आंबील कोण धरणार? सगळी मामींच्या नव्या इरकली लुगड्यावर. मामा घाबरून म्हणाले, "अगं, तू बी घरची लक्ष्मीच की. आदी तुझी पूजा झाली."

मामी हसल्या नाहीत. "फुडच्या येळवशीपस्तोर ह्या गाडीला सरळ चालाय शिकवा. न्हाईतर मी बिंदगं घिऊन भाऊजीच्या कारमदी बसनार."

भाऊजी म्हणजे मामांचे धाकटे भाऊ, आणि त्यांची पांढरी कार हे मामांचं जुनं दुखणं होतं. येळवशीला मामी त्या कारमधून उतरताहेत, हे चित्र डोळ्यांसमोर आलं की मामांना घास गोड लागेना. शेवटी मला घेऊन ते लातूरला एका फिटरकडे गेले. मामी जीपमध्ये पाय न ठेवता मागून एसटीनं आल्या.

फिटरनं दोन स्टॅबिलायझर बार काढून दाखवले. स्टॅबिलायझर बार म्हणजे दोन्ही बाजूंच्या चाकांना जोडणारी आडवी पोलादी कांब. वळणावर गाडी कलू लागली की ती पीळ खाते आणि गाडीला सावरून धरते. एक जाड होती, एक बारीक.

"चाचा, गाडी ज्यादा किधर चलती? रान में की रोड पे?" फिटरनं विचारलं.

मामांनी मिशीवर हात फिरवला. "रानात! दगड, नाले, काय इचारू नका."

फिटरनं बारीक कांब उचलली. रानात चाकं आपापली खालीवर व्हायला हवीत, तिथं तीच बरी.

"ठिवा ती खाली, भाऊ," मामी म्हणाल्या. "वरसातून एक दिस रानात जाती ही. बाकी वरीसभर डांबरावर. आन् खड्डा दिसला की हे खाली उतरून बगत्यात."

सगळं दुकान हसलं. मामाही हसले, जरा उशिरानं. जाड कांब ठरली. मग मामांनी हळूच विचारलं, "पर त्या एका दिसाचं काय? येक चाक ढेकळावर चढलं की ही जाडी दुसऱ्यालाबी उचलणार. आंबील पुन्हा लुगड्यावरच."

त्यावर फिटरनं पिनांचे जोड बसवून दिले. रानात शिरताना पिना उपसायच्या, कांब सुटी. डांबरावर आलं की पुन्हा घालायच्या.

मामा खुलले. कांबेचं नाव त्यांनी कमरपट्टा ठेवलं. "डांबरावर गाडी सासरी असती, कंबर आवळून नीट चालायचं. रानात ती माहेरी. माहेरी लेकीला कशाला बांधून ठिवायचं?"

पुढच्या येळवशीला ओढ्याचं वळण आलं. मामा सवयीनं ओरडले, "धरा!" कुणी जागचं हललं नाही. मामांचा चेहरा थोडा पडलाच. पण डांबर संपताच ते नव्या धोतरानिशी जीपखाली शिरले आणि पिना हातात नाचवत बाहेर आले. मामींनी पदरानं त्यांच्या तोंडावरची धूळ पुसली, आम्हा सगळ्यांदेखत. मागे धाकट्या भावाची कार चाकोरीत पोट टेकून बसली होती. तिला दोर लावून ओढताना मामांइतका सुखी माणूस मी पाहिला नाही. आंबील काठोकाठ पोचली. तेव्हापासून दर वर्षी हा सोहळा व्हायचा, आणि कमरपट्ट्याची ती गोष्ट मामा दर वर्षी नव्यानं सांगायचे.

गेल्या पावसाळ्यात मामा गेले. मला त्यांची फार आठवण येते. येळवशीला जीप मी चालवली. ओढ्याचं वळण जवळ आलं. मी नुसता गिअर बदलला. तेवढ्यात मांडीवरचं बिंदगं सांभाळत मामीच म्हणाल्या, "धरा." गाडी जराही कलली नाही, तरी आम्ही सगळ्यांनी घट्ट धरलं.

पुढं डांबर संपलं. डोळे भरून आले होते, म्हणून माझं लक्ष राहिलं नाही. मामींनी माझ्या दंडाला हात लावला.

"थांबीव रे. माहेर आलं."

बिंदगं माझ्या हातात देऊन त्या उतरल्या, पदर खोचला, आणि पिना काढायला चाकाजवळ वाकल्या.