मोटार भरली की सुटेल

आमच्या नानांच्या मोटार सर्व्हिसमध्ये धंदा काही वाढला नाही, किस्से तेवढे वाढले. अलिबाग ते रेवस मोटार, आणि मी तिच्यात तिकिटं फाडायचो. आता कुणी त्या दिवसांचं विचारलं की आधी हसू येतं आणि मग दमल्यासारखं होतं.

नानांना प्लॅन करायची भारी हौस. यंदा रेवस, पुढल्या साली रेवदंडा, मग पलीकडे मुरूड. मध्ये खाडी होती, तिच्यावर पूल नव्हता, पण प्लॅनमध्ये होता!

पहिल्याच वर्षी नानांनी स्टँडवर टाइमटेबलची पाटी लावली. मोटार रोज ठरल्या वेळी रेवसला. मुंबईची लाँच मात्र भरतीच्या पाण्यावर यायची, आणि भरती रोज पुढं सरकायची. महिनाभर आम्ही रिकामा धक्का बघून वेळेवर परत आलो. नाना म्हणाले, "आपण वेळ पाळली. दर्याचं आपल्या हातात न्हाय."

मग गणूशेठची मोटार आली. त्यानं भाडं उतरवलं, नानांनी उतरवलं. शेवटी मोटारीत येऊन बसेल त्याला तो फुकट विडी देऊ लागला, आणि नाना चहा. लोक आमच्यात बसून चहा प्यायचे, त्याच्यात बसून विडी ओढायचे आणि आज जायचं रद्द म्हणत घरी जायचे.

टाइमटेबलची पाटी तोवर उतरली होती; आता मोटार भरल्याशिवाय सुटत नसे, म्हणून रिकाम्या मोटारीत कुणी बसत नसे. यावर उपाय म्हणून नाना घरचीच माणसं बसवायचे. काकी, म्हणजे नानांची बायको, रोज सकाळी चांगलं लुगडं नेसून, मांडीवर गाठोडं घेऊन पुढच्या बाकावर. गाठोड्यात जुनी गोधडी. खरं गिऱ्हाईक आलं की एकेक जण उतरायचा, काकी सगळ्यात शेवटी.

गणूशेठनंही तेच सुरू केलं. एकदा दोन्ही मोटारी गच्च भरलेल्या, आणि जायचं कुणालाच नाही. मुंबईला निघालेले दोघं आले, दोन्हीकडे डोकावले, जागा नाही म्हणून बैलगाडी ठरवून गेलेसुद्धा.

पुढं मंदी आली. मुंबईला जाणारे-येणारे आटले. नानांचं म्हणणं, वाढायची हीच वेळ, मोटारी स्वस्त झाल्यात. काकींच्या माहेरची नारळाची वाडी विकून दुसरी मोटार आली. काकींनी एवढंच विचारलं, "ही वर्साला किती नारळ देते?"

नाना बोनेट पुसत राहिले. काकींचं काम तेवढं वाढलं, एक मोटार सुटली की दुसरीत जाऊन बसायचं. मला त्यांचं फार वाईट वाटायचं.

दुसरी मोटार वर्षभरातच विकावी लागली. पहिलीचाही सौदा झाला. शेवटच्या सकाळीही काकी गाठोडं घेऊन पुढं बसल्या. नशीब बघा, नेमकी त्याच दिवशी गिऱ्हाइकांची रीघ लागली. घरचे सगळे उतरले. एक माणूस अजून जागेसाठी उभा होता. मी हळूच म्हणालो, "काकी, उतरा आता."

"आज न्हाय उतरायची," काकी म्हणाल्या. "इतकी वर्सं बसतेय, रेवस कसं हाय ते बघितलं न्हाय. तिकीट फाड, दत्तू." आणि कनवटीचे पैसे काढून माझ्यापुढं धरले.

मी नानांकडे बघितलं. नानांनी त्या माणसाचा दंड धरला, आमच्यात जागा नाही म्हणून सांगितलं, आणि त्याला स्वतः नेऊन गणूशेठच्या मोटारीत बसवून आले.