फरशीवरचं सारवण

शेण मातीला धरतं, फरशीला धरत नाही. नामपूरकडच्या कुठल्याही परकरी पोरीला हे ठाऊक असतं. मलाही होतं. तरीसुद्धा पंचेचाळिशीला टेकलेली मी, नाशिकच्या कॉलनीतल्या आमच्या रो-हाऊसमध्ये, मागच्या व्हरांड्याच्या चकचकीत फरशीवर गुडघे टेकून शेणानं सारवत बसले. वाळल्यावर त्याच्या खपल्या निघाल्या. खपल्या पायाला चिकटून स्वयंपाकघरात, तिथून पलंगावर. मी केरसुणी घेऊन त्यांच्यामागे. आणि आमचे हे झोपाळ्यावर बसून म्हणाले, "वास बघ कसा गावाकडचा येतोय!"

ते वाक्य आठवलं की आजही माझी कानशिलं तापतात.

आता तुम्ही म्हणाल, नवऱ्याच्या नावानं बोटं मोडतेय. मोडतेच आहे. पण त्यातली निम्मी बोटं त्या सारवणाऱ्या बाईच्या, म्हणजे माझ्याच नावानं. कारण ही कीड घरात आणली तिनंच. कुठल्याशा दिवाळी अंकात एका घराचे फोटो होते. मातीच्या भिंती, कोपऱ्यात रांजण, खिडकीला जुन्या साडीचे पडदे, चुलीपाशी एक बाई, कपाळावर घामाचा थेंब नाही. खाली लिहिलं होतं की शहरात राहूनही असं निवांत, साधं जगता येतं. जी बाई लग्न होईपर्यंत चुलीत फुंकून फुंकून डोळे लाल करत होती, जिनं पहिलं गॅसचं सिलेंडर आलं तेव्हा त्याला हळदकुंकू वाहिलं होतं, ती ते फोटो बघून उसासे टाकत होती! इतकी वर्षं शहरात राहून मेंदूला बुरशी आली होती, दुसरं काय. ह्यांना अंक दाखवून म्हणाली, "आपणही असं राहूया का?"

त्याच सुमाराला ह्यांच्या कारखान्यात स्वेच्छानिवृत्तीची योजना आली. सातपूरला तेवीस वर्षं मशिनच्या आवाजात काढलेला माणूस, त्याला शांतता हवी होती, हे मला कळत होतं. ती त्याला मिळालीही. फक्त ती तयार करायचं काम माझ्याकडे आलं.

मी पडदे शिवले, रांजण आणला, परसात मेथी-कोथिंबीर लावली. तिथवर मजा होती. मग ह्यांनी विषय तत्त्वावर नेला. मिक्सर माळ्यावर गेला, कारण वाटण पाट्यावरचंच चवीला लागतं. कपडे धुण्याचं मशिन नणंदेला दिलं, कारण हातानं धुतल्यानं व्यायाम होतो. कुणाचा? ते बोलणं झालं नाही. परसात चूल मांडली. दिंडोरीला ह्यांचे एक शाळासोबती होते, द्राक्षबाग होती त्यांची. त्यांच्या घरून टेम्पोत घालून एक दगडी जातं आलं. दिंडोरीकरांनी पैसे घेतले नाहीत. का घेतले नाहीत ते पुढे कळलं.

रविवारी ह्यांचे जुने सहकारी सपत्नीक यायचे. पिठलं-भाकरी, ठेचा, पितळी ताटं.

"वहिनी, काय शांत वाटतं हो तुमच्याकडे!"

"आम्ही ठरवूनच टाकलं," हे झोपाळ्याला पायानं रेटा देत सांगायचे. "आम्ही आता सावकाश जगतो."

आम्ही! आणि भाकऱ्यांच्या धगीनं तोंड टोमॅटोसारखं झालेली ती बाई, पदरानं घाम टिपत, चक्क हसायची. फुशारून जायची. कौतुकाच्या चार शब्दांवर तिच्याकडून कुणी विहीरही खणून घेतली असती.

एक गोष्ट मात्र तिनं हातची सोडली नव्हती. पंचवटीतल्या एका बालवाडीत मी शिकवत होते. कॉलनीपासून लांब, मध्ये दोन बस. म्हणून स्वतःच्या पगारातून बिनगिअरची गाडी घेतली होती. सकाळी डोक्याला रुमाल बांधून गोदावरीच्या पुलावरून जायचे तेव्हा अंगाला लागणारा वारा तेवढा माझा होता. भाजीवाल्या मळेकरणी टोपल्या घेऊन पुलावर चालत असायच्या, त्यांना हॉर्न वाजवून हात करायचे. त्या ओरडायच्या, "हळू, मास्तरीणबाई!" मी आणखी जोरात.

एप्रिलच्या एका रविवारी कुरडया घालायच्या होत्या. तीन दिवस भिजलेले गहू पाट्यावर वाटून माझे खांदे निखळायच्या बेतात होते. सकाळी चुलीवर मोठं पातेलं ठेवून मी चीक शिजवायला घेतला. चिकाचं एक असतं, तो शिजेपर्यंत लाकडी चाटू हलता ठेवावा लागतो. हात थांबला की गाठी झाल्या, आणि गाठी झाल्या की सोऱ्यातून कुरडई पडत नाही. सगळं वाया.

तेवढ्यात दिंडोरीकर आणि त्यांची बायको आली. मला वाटलं, सहज आलेत. दिंडोरीकर थेट माझ्या गाडीपाशी गेले. सीटवर हात फिरवून म्हणाले, "लय जपलीय गाडी. आमच्या बाईला पुरं हाय."

मी ह्यांच्याकडे बघितलं. हे झोपाळ्यावरून म्हणाले, "अगं, तुला सांगायचंच राहिलं. आपल्याला आता गाडीची काय गरज? साधं राहायचं तर खर्च कमी, मग नोकरीही कशाला? शाळेचं वर्ष संपतच आलंय. तूही जरा निवांत हो."

माझी गाडी. माझी नोकरी. आणि सांगायचं राहिलं, जणू दूध आणायचं राहिलं होतं.

दिंडोरीकरीण माझ्या शेजारी चुलीपाशी येऊन उकिडवी बसली होती. धुरानं डोळे चोळत हळूच म्हणाली, "ताई, ही गाडी विकली तर तुम्ही कशावर जाणार?"

"जाणार नाही. निवांत होणार."

तिनं त्या पातेल्याकडे बघितलं, पाट्याकडे बघितलं. "निवांत? ताई, राग नका मानू. ते जातं तुमच्याकडं आलं ना, त्या दिवशी मी देवाला नारळ फोडला. आमच्याकडं गिरणी हाय, मिक्सर हाय. ती धोंड कवाची गोठ्यामागं पडली होती. म्हटलं, कोण नेतंय?"

तिकडून दिंडोरीकर हसले, "आमची चूल सुटली आन् तुमची पेटली, वहिनी!"

हेही हसले. आणि म्हणाले, "अगं, जरा गाडीची किल्ली आण ना."

पुढचं मला नीट आठवतं, कारण आयुष्यात इतकी रागावलेली मी तोवर कधी नव्हते. चाटू हलवत हलवतच हाक मारली, "अहो, इकडे या." आले बिचारे. त्यांना वाटलं, चव बघायला बोलावतेय. मी चाटू त्यांच्या मुठीत दिला.

"धरा. हात थांबवायचा नाही."

"अगं पण..."

"थांबला! गाठ झाली बघा! हलवा!"

माणूस घाबरून हलवायला लागला. मी आत जाऊन किल्ली घेतली, पिठाचे हात पदराला पुसले आणि दिंडोरीकरणीला म्हणाले, "चालवता येते का?"

"नाय. शिकायचीय."

"बसा मागे."

"वहिनी, कुठं निघालात?" दिंडोरीकर.

"गाडी दाखवायला. विकत घेताय ना? बघून घ्या की!"

मागून ह्यांचा आवाज आला, "अगं, हे किती वेळ हलवायचं?" मी गाडी चालू केली.

जवळच्या शाळेच्या मैदानावर मी तिला पुढे बसवलं. ती किंचाळत होती, "ताई, थांबंना, ब्रेक कुठंय हिचा!" आणि त्याच वेळी हसत होती. दोनदा आम्ही कुंपणाच्या झुडपात गेलो. दोघींच्या साड्यांना कुसळं. नंतर उसाचा रस प्यायलो, बर्फ घालून. ग्लास खाली ठेवत ती म्हणाली, "ताई, ही गाडी मी नाय घेणार. मालकाला सांगते, मला नवी घ्या. नायतर ते जातं परत घरी आणा, मी दळते आन् तुम्ही खा."

परत आलो तेव्हा चूल विझली होती. पातेल्यात चिकाचे गोळे, ह्यांच्या तळहाताला फोड, तोंड तांबडंलाल. दिंडोरीकर झोपाळ्यावर बसून त्यांना सूचना देत होते. मला हसू आलं नाही. मी ह्यांना म्हणाले, दोघांच्या देखत म्हणाले, "उद्या मी शाळेत जाणार. जूनमध्येही जाणार. आणि ही चूल ज्याला हवी त्यानं पेटवायची."

माणसं गेल्यावर ह्यांनी स्टूल घेऊन माळ्यावरचा मिक्सर काढला, पुसला, ओट्यावर ठेवला. फोडांमुळे धड धरताही येत नव्हता. मी मदत केली नाही.

मग दारात उभे राहून विचारलं, "राग गेला का?"

"नाही," मी म्हटलं. खरं तेच सांगितलं. त्याला आता वीसेक वर्षं झाली, तरी पुरता गेलेला नाही, आणि मीही त्याला जा म्हणालेले नाही.