चार सेकंद

एक चूक मी अकरा वर्षे लपवून ठेवली. उपकेंद्रातील रिले, म्हणजे बिघाड ओळखून वीज तोडणारी उपकरणे, उपग्रहांकडून मिळणारी एकच वेळ पाळतात. आधी काय घडले, हे त्यांच्या नोंदींवरून ठरते. सफाई करताना एका रिलेची वेळेची तार मी काढली आणि जोडायला विसरलो. त्याचे घड्याळ चार सेकंद पुढे गेले. मग एकदा वीजवाहिनीवर बिघाड झाला आणि त्यानंतर दोनच सेकंदांत ऑपरेटर दत्ताभाऊंनी स्विच उघडला. बिघाडाची वेळ त्याच रिलेने नोंदवली, चार सेकंद उशिराची. नोंदीत मात्र त्यांचा हात आधी उमटला. त्यांनी चुकीचा स्विच उघडल्यानेच बिघाड झाला, असा ठपका त्यांच्यावर आला, बदलीही झाली. मी तार गुपचूप जोडली.

तेव्हापासून दोन घड्याळे शेजारी दिसली की मी त्यांचे सेकंद ताडून पाहतो. आजही सगळ्या पॅनेलांवरचे सेकंद एकाच क्षणी पालटताना पाहत उभा होतो. यंत्रांना वेळ आकाशातून मिळते. माझ्या मनातले ते चार सेकंद कोण जुळवणार?

"साहेब, अजून घड्याळंच राखताय?" मागून दत्ताभाऊ हसत म्हणाले. निवृत्तीचे पेढे वाटायला ते आले होते आणि उपकेंद्रातले सगळे त्यांच्याभोवती जमले होते. पेढा माझ्या हातात तसाच राहिला.

"दत्ताभाऊ, तुमचा हात नंतरचा होता. तार मी सुटी ठेवली होती. मला क्षमा करा," मी म्हणालो, सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात.