सत्काराची काठी आणि चालायची काठी

येळ्ळूरच्या एका मंडळाने माझ्या थोरल्या भावाचा, अण्णांचा, सत्कार केला आणि त्यांच्या हातात काळी चकचकीत काठी दिली. ‘अस्सल शिसवी’, असं अध्यक्षांनी माइकवरून जाहीर केलं. गेल्या महिन्यात देवळाच्या पायरीवर ती चिरली. कठडा होता म्हणून अण्णा वाचले. त्यांनी काठीला चिकटपट्टी गुंडाळली आणि पुन्हा तीच टेकू लागले. मानाची ना! शेवटी त्यांना नवी काठी घेऊन द्यायला मी कोल्हापुरातून गाडी काढली.

कोगनोळीचा टोल सकाळीच ओलांडा, नंतर ट्रकांची रांग लागते. निपाणीत कटवडा खाल्ला आणि बाजारात काठ्या पाहिल्या. दुकानदाराच्या मते सगळ्याच शिसवी. एकीवर ओला रुमाल घासला, तर रुमाल काळा!

“आक्का, सत्काराला पायजे का चालायला?” त्याने शांतपणे विचारलं.

“फरक काय?”

“सत्काराची हलकी असती. पाव्हण्याला फोटोत वर धरायला लागती न्हवं!”

येळ्ळूरला पोचताच अण्णांच्या काठीच्या टोकाचा रबरी बूट उपसला. आत पांढरं लाकूड, नख सहज रुतलं. शिसव आतूनही काळपट असतं आणि हाताला जड लागतं. वनस्पतिशास्त्राची पदवी इतकी तरी कामाला यावी.

“अण्णा, हा पांगारा आहे. वर रंग दिलाय.”

“मग अध्यक्ष खोटं बोलला व्हय?”

“भाषण करत होता.”

अण्णा त्या रात्री दोन घास कमी जेवले.

दुसऱ्या दिवशी त्यांना घेऊन खानापूरमार्गे गुंजीला एका सुताराकडे गेले. रस्त्यात खड्डे आहेत. कंबर दुखत असेल तर रेल्वेने जा. सुताराने सागाची काठी पुढे केली. तिच्या लाकडातल्या रेषा तिरप्या उतरल्या होत्या. अशी काठी सागाची असली तरी दगा देते, म्हणून परत केली. मग धामणीची निघाली. कुऱ्हाडीचे दांडे करतात ते हे लाकूड. रेषा टोकापासून टोकापर्यंत सरळ. वाकवून सोडली, तर होती तशी सरळ झाली.

“लई साधी दिसती गं,” अण्णा कुरकुरले.

“मिरवायचंय की देवळात जायचंय?”

त्यांनी सगळा भार टाकून अंगणात तीन फेऱ्या मारल्या. माझ्याकडे पाठ फिरवली. सुताराला मात्र म्हणाले, “बूट बसीव.”

या दोन दिवसांत येळ्ळूरचा राजहंसगड किल्लाही पाहिला नाही. तुम्ही पाहा, आणि काठी घेणार असाल तर आधी तिचा बूट काढून बघा. घरी आल्यावर अण्णांचा फोन आला. देवळात रोज जातात म्हणे, पायऱ्या चढून.

“आणि ती काळी?”

“अध्यक्षाला परत दिली. म्हटलं, जरा टेकून दाखवा.”

“टेकला?”

“न्हाय. खांद्यावर टाकून गेला.”